यादीत टाकलेला माणूस

मेनूथला एमएससी करत होते तेव्हा आयर्लंडमध्ये कुणी बेसबॉल खेळत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढे डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कात नोकरी लागली, जवळच एक छोटं घर भाड्याने घेतलं, आणि एका रविवारी पार्कात चालायला गेले असताना झाडांच्या पलीकडून बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला. क्रिकेट असेल म्हणून वळले. बघते तर तारेच्या जाळीमागे एक माणूस उकिडवा बसलेला. तोंडावर मुखवटा, छातीला पॅड, नडग्यांना पॅड आणि एकाच हातात भलामोठा ग्लोव्ह.

नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं विकेटकीपिंग केलं आहे. उकिडवं बसणं, उठणं, परत बसणं हे माझ्या गुडघ्यांना अजून पाठ आहे. त्यामुळे धावा किती झाल्या, कोण जिंकतंय, याकडे माझं लक्षच नव्हतं. मी दोन तास त्या एका माणसाकडे बघत उभी राहिले. मॅच संपल्यावर तो मुखवटा काढून जाळीपाशी आला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच बघताय?"

मी म्हटलं, "हो. पण मी क्रिकेटमध्ये कीपर होते."

"मग माझी पाठ किती दुखतेय ते तुम्हाला सांगायला नको," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने मला रबरबँड लावलेला कार्डांचा एक गठ्ठा आणून दिला. त्याच्याकडची डुप्लिकेट. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची वर्षावार कामगिरी बारीक अक्षरात. लहानपणी आपल्याकडे च्युइंगगमबरोबर क्रिकेटवाल्यांची कार्डं मिळायची, तसलाच प्रकार. फक्त अमेरिकेत हे कित्येक पिढ्या चालू आहे आणि मोठी माणसं ते जन्मभर करतात. त्या गठ्ठ्यातून मी कॅचर, म्हणजे बेसबॉलमधले कीपर, तेवढे वेगळे काढले. बाकीच्यांत मला रस नव्हता. माझा संग्रह सुरू झाला तो असा.

बाकीच्यांचं काय करायचं, तर अदलाबदल. त्यासाठी इंटरनेटवर एक फोरम सापडला. तुमच्याकडे काय आहे आणि तुम्हाला काय हवंय याची यादी तिथे टाकायची, कुणाशी जुळलं तर पत्ते घ्यायचे आणि पोस्टाने पाठवायचं. कार्ड पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, ती पिशवी कडक प्लास्टिकच्या खोळीत, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि मग पाकीट. चिकटपट्टी लावताना तिचं एक टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला नखांनी ओरबाडावं लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. आलेली पाकिटं उघडताना कळत गेलं. पट्टीचं टोक दुमडणारा माणूस साधारण बरा निघतो असा माझा अनुभव आहे.

फोरमवर एक रीत होती. ज्याचे व्यवहार कमी झालेत त्याने आधी पाठवायचं. ते पोचलं की मग जुन्याने पाठवायचं. मी नवखी असल्यामुळे पहिली दोन वर्षं नेहमी मीच आधी पाठवायचे आणि अमेरिकेतून पाकीट येईपर्यंत तीन-तीन आठवडे दाराकडे बघत बसायचे.

अशात एका वर्षी मे महिन्याच्या शेवटी मला ॲथलोनहून मेसेज आला. फोरमवर आयर्लंडमधलं दुसरं कुणी आहे हे मला माहीत नव्हतं. ते गृहस्थ जुने होते, शेकडो व्यवहार झालेले. त्यांना एकाच वर्षाचा संच पुरा करायचा होता. त्या वर्षीची जितकी कार्डं निघाली ती सगळी, एकही न गाळता. अकरा कमी होती, आणि त्यांतलं एक माझ्या यादीत होतं. बदल्यात त्यांनी एक कॅचर देऊ केला. जुनं कार्ड. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, गुडघे मातीने माखलेले, चेंडू नुकताच ग्लोव्हमध्ये आलाय आणि तो मान वळवून अंपायरकडे बघतोय. ही नजर मला नीट माहीत आहे. अपील केल्यावर कीपर असाच बघतो.

मी लगेच हो म्हटलं. त्यांनी लिहिलं, "एकाच देशात आहोत, कोण आधी आणि कोण नंतर कशाला? मी आजच टाकतो." खाली पत्ता आणि फोन नंबर होता. मीही त्याच दिवशी पाठवलं. तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, कार्ड पोचलं, फार आनंद झाला.

माझं काही आलं नाही.

त्या वेळी माझे बाबा नुकतेच माझ्याकडे आले होते. आई विमानाला घाबरते, ती भावाकडे थांबली. बाबा मूळचे दर्यापूरकडचे, अमरावतीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. तीन महिने राहणार होते. मी ऑफिसला गेले की दिवसभर ते एकटेच. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, "बाबा, कुणी बेल वाजवली तर दार उघडू नका. ओळखीचं असेल तर मला फोन करेल."

"कोन येते इथं मले भेटाले?" ते म्हणाले.

आठवडा गेला, दोन गेले. डब्लिनहून ॲथलोन गाडीने सव्वा तास. पत्राला फार तर दोन दिवस लागायला हवेत. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना विचारलं. उत्तर आलं, त्याच दिवशी पाठवलं होतं. साध्या पोस्टाने, म्हणून नंबर नाही. आणखी थोडं थांबू या का?

मी थांबले. पण थांबताना डोक्यात एकच चाललं होतं. माझं कार्ड त्यांना मिळालंय. त्यांच्या संचातली एक जागा भरलीय. आता त्यांना माझी काय गरज? शेकडो व्यवहार झालेला माणूस नव्या मुलीला, तीही बाहेरून आलेली, सहज गुंडाळू शकतो. हे "बाहेरून आलेली" माझ्या डोक्यात कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या मेसेजमध्ये तसं काहीच नव्हतं. ते माझं मीच घातलं.

पाचव्या आठवड्यात मी पुन्हा लिहिलं, जरा कडक. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. "मी पाठवलं आहे. याहून वेगळं काय सांगू ते मला कळत नाही."

मला ते उर्मट वाटलं. त्याच संध्याकाळी मी फोरमवर "यांच्यापासून जपून" या सदरात त्यांचं खातं टाकलं. लिहिलं की यांनी माझं कार्ड घेतलं, आपलं पाठवलं नाही आणि विचारलं तर उडवाउडवी करतात. खोटं कशाला सांगू, लिहिताना बरं वाटत होतं. सकाळपर्यंत खाली सात-आठ जणांचे प्रतिसाद आले होते. कुणी लिहिलं, आश्चर्य वाटलं. कुणी लिहिलं, धन्यवाद, मी सावध झालो. ॲथलोनच्या गृहस्थांनी काहीच लिहिलं नाही.

आमच्या शेजारी एक आयरिश बाई राहतात, सत्तरीच्या. त्या जूनच्या सुरुवातीला कॉर्कला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घराची किल्ली त्यांनी आठवडाभर आधीच मला देऊन ठेवली होती, झाडांना पाणी घालायला. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या घरी जायचे, स्वयंपाकघरात सिंकवर पाण्याचा जग भरायचे, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे आणि कुलूप लावून परत यायचे. जुलै संपताना त्या परतल्या. शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. मी दार उघडलं. बाईंच्या हातात एक जाडसर खाकी पाकीट होतं.

"अगं, हे तू नेलंच नाहीस," त्या म्हणाल्या. "मी जायच्या आदल्या दिवशी आलं होतं. तुमच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून जाईना, बेल वाजवली तर कुणी उघडेना, म्हणून पोस्टमनने माझ्याकडे दिलं. मी तुझ्या वडिलांना सांगितलं होतं की. ते बागेत होते, मी बॅगा भरायच्या घाईत. म्हटलं, पार्सल प्रेसमध्ये आहे, तिच्याकडे किल्ली आहेच, तिला घेऊन जायला सांगा."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मला हे मेनूथच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बाबांना कळायचं काही कारण नव्हतं.

पाकिटावर ॲथलोनचा शिक्का होता. तारीख आम्ही ठरवलं त्याच दिवसाची. आत कॅचर होताच, शिवाय आणखी बारा कॅचर होते, वेगवेगळ्या वर्षांचे, एकेक प्लास्टिकच्या खोळीत घातलेले. म्हणून पाकीट फटीतून गेलं नव्हतं. वर चिठ्ठी होती. "एवढे माझ्याकडे पडून होते. तुमच्याकडे असलेले बरे." चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं.

मी पायरीवरच बसले. मी दोन महिने त्या सिंकपाशी उभी राहून जग भरत होते आणि पाकीट माझ्या डोक्यावरच्या कपाटात होतं.

आत जाऊन बाबांना विचारलं, "बाबा, शेजारच्या बाई तुम्हाला काही सांगून गेल्या होत्या का? गावाला जायच्या आधी?"

बाबा आठवत बसले. "हो, बोलली व्हती खरी थे बाई. काही तरी प्रेसमंदी हाय म्हने. मले वाटलं, तिनं कपडे प्रेसले देल्ले असतीन. म्या म्हनलं, यस यस."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तिच्या कपड्याचं तुले काय सांगू बाप्पा?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू. बाबांना काहीच कळेना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. कार्डं काय असतात इथपासून सुरुवात करावी लागली. पोस्टमनने टाकलेली चिठ्ठीही असणार, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना आठवलं, दारात एक छापील कागद पडला होता, तो जाहिरातीचा समजून त्यांनी रद्दीच्या हिरव्या डब्यात टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू त्या मानसाले चोर म्हनलं?"

"हो."

"सगळ्याईच्या समोर?"

"हो."

"मंग त्याच्या घरी जाऊन बोला लागन. मी बी येतो."

मी आधी फोरमवर लिहिणार होते. बाबा म्हणाले, आधी त्याच्यापाशी. म्हणून मी पहिल्यांदा तो फोन नंबर लावला. आवाज शांत होता, जरा जड. मी नाव सांगितलं आणि पाकीट मिळाल्याचं कळवलं. "बरं झालं," एवढंच ते बोलले. मी विचारलं, आम्ही उद्या येऊ का? "या," ते म्हणाले. "अकरानंतर या. आधी आम्ही चर्चमध्ये मासला जातो."

ॲथलोनमध्ये नदीच्या अलीकडे एका जुन्या वसाहतीत त्यांचं घर होतं. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. गृहस्थ उंच, किंचित वाकलेले, बाबांच्याच वयाचे. बाबांनी वाटेत गाडीत वाक्य पाठ केलं होतं, ते हात जोडून म्हणाले, "सर, मिस्टेक इज माईन." पुढचं त्यांना जमेना, म्हणून मराठीत सांगायला लागले आणि मी इंग्रजी करत गेले. बाई काय बोलली ते कळलं नाही, विचारलं नाही, कागद टाकून दिला, सगळं माझ्यामुळे झालं, पोरीला दोष देऊ नका.

गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकलं. बाबांचा हात हातात घेतला, "ग्रँड, ग्रँड," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत "ठीक आहे". मग माझ्याकडे वळले. "तुमच्या वडिलांची काही चूक नाही. त्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलं तुम्ही."

हे मी बाबांना मराठीत सांगितलं नाही. त्यांना ते तसंच कळलं असावं.

"माझा फोन नंबर तुमच्याकडे होता," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "एक फोन केला असतात तर मी पोस्टात जाऊन विचारलं असतं. नाही तर गाडी काढून आलो असतो. मला राग आला होता. अजून थोडा आहे."

मी म्हटलं, मला माफ करा. मी काय समजून बसले होते तेही सांगितलं, बाहेरून आलेली म्हणून गुंडाळलं वगैरे. ते चकित झाले. म्हणाले, "पाकिटावर तुमचं नाव लिहिलं, पण तुम्ही कुठल्या हे माझ्या डोक्यातही आलं नाही." आणि खरंच, फोरमवर माझं नाव कुठे होतं? तिथे मी "कीपर" एवढीच होते.

चहा आला, घरचा ब्राऊन ब्रेड आला. बोलता बोलता त्यांच्या संचाची गोष्ट निघाली. ते ॲथलोनच्या टेलिकॉम कारखान्यात इंजिनियर होते. तरुणपणी कंपनीने एक वर्ष अमेरिकेला पाठवलं. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. कामावरून येताना पेट्रोल पंपावर कार्डांची पाकिटं मिळायची, ती घ्यायचे आणि खोलीवर जाऊन मागची आकडेवारी वाचत बसायचे. परत आल्यावर सगळी एका डब्यात राहिली. निवृत्त झाल्यावर डबा उघडला आणि ते वर्ष पुरं करायचं ठरवलं.

"टेलिकॉम" हा शब्द ऐकल्यावर बाबा खुर्चीत पुढे सरकले. "एक्स्चेंज?" त्यांनी विचारलं.

"एक्स्चेंज," गृहस्थ म्हणाले.

"क्रॉसबार?"

"क्रॉसबार! आणि नंतर डिजिटल."

पुढचा पाऊण तास माझी गरज पडली नाही. रिले, डायल टोन, फॉल्ट, ट्रंक लाइन, केबल जॉइंट. बाबांचं इंग्रजी सुटे शब्द तेवढं होतं आणि ते सगळे या कामाचेच होते. पाणी शिरलं की केबल कशी उघडून सुकवायची ते बाबांनी हातांनी करून दाखवलं, आणि गृहस्थ मान हलवत म्हणाले, अगदी असंच. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "हे ऐकायला इतक्या वर्षांत घरी कुणी आलं नव्हतं."

निघताना मी जादाची बारा कार्डं परत द्यायला काढली. त्यांनी घेतली नाहीत. "दिलेलं परत घेत नाही मी. पण तिथे लिहा. जिथे लिहिलं होतंत तिथेच."

संध्याकाळी मी लिहिलं. दहा ओळी झाल्या. पाकीट वेळेवर पाठवलं होतं, ते शेजारी पडून होतं, चूक माझी, मी फोन न करता आरोप केला. बाबांचं नाव मध्ये आणलं नाही. फोरम चालवणाऱ्याने सांगितलं की जुनं लिखाण पुसता येत नाही, पण माझा खुलासा त्याच्या वर लावून ठेवता येईल. तसा तो आहे अजून. पहिल्यांदा "सावध झालो" लिहिणाऱ्यांपैकी तिघांनी "बरं केलंत" म्हटलं. बाकीच्यांनी तो वाचला की नाही, माहीत नाही.

एक नुकसान मात्र भरून निघालं नाही. उरलेल्या दहांपैकी एक कार्ड ओहायोतल्या एका माणसाकडे होतं आणि त्याच्याशी ॲथलोनच्या गृहस्थांचं जवळजवळ ठरलं होतं. माझं वाचून त्याने माघार घेतली आणि ते कार्ड दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं. हे मला गृहस्थांनी सांगितलं नाही. त्या माणसाला मी खुलासा कळवला तेव्हा त्याने सांगितलं. मी विचारलं, कुणाला दिलं? आठवत नाही म्हणाला. मी दोन वर्षं ते कार्ड शोधते आहे. दोनदा सापडलं, दोन्ही वेळा माणूस बदल्यात मागत होता ते माझ्याकडे नव्हतं.

बाबा ऑगस्टच्या शेवटी परत गेले. ॲथलोनहून दर दोन-तीन महिन्यांनी मेल येते, "वडील कसे आहेत?" मी बाबांना फोनवर सांगते, ते म्हणतात, "त्याले सांग, गुडघा दुखते, बाकी ठीक." मी भाषांतर करून पाठवते. राग गेला का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

संचात आता तीन कार्डं कमी आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांतलं एक कॅनडातल्या कुणाकडे निघालं. तो माणूस नवा होता. रीतीप्रमाणे त्याने आधी पाठवायला हवं होतं. ॲथलोनच्या गृहस्थांनी नेहमीसारखं त्याच दिवशी पाठवून टाकलं. पलीकडून काही आलं नाही. चार महिने झाल्यावर मी फोनवर विचारलं, "मग आता त्याच्याबद्दल तिथे लिहिणार का?"

"अजून नाही," ते म्हणाले. "त्याच्या पत्त्यावर कागदी पत्र टाकलंय. बरा आहेस ना, म्हणून विचारलंय."

त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.